गेमची कल्पना विकायची तर आधी नमुना दाखवा

कापडाच्या धंद्यात आम्ही गिऱ्हाइकापुढे अख्खे थान उलगडत नाही. हातभर कापड त्याच्या बोटांत देतो, पन्हा आणि भाव सांगतो, रंग पक्का की कच्चा ते सांगतो. आपली मुले हे लहानपणापासून पाहतात. पण व्हिडिओ गेमची कल्पना घेऊन पैसेवाल्याकडे निघाली की नेमके हेच विसरतात.

असे काही नौजवान भांडवलासाठी आमच्याकडेही येतात. शहजादा, सात किल्ले, जादूची तलवार असा तासभर किस्सा चालतो. पण खेळणाऱ्याने करायचे काय, ते शेवटपर्यंत कळत नाही. नुसता किस्सा हा सिनेमाचा माल. गेममध्ये खेळणाऱ्याच्या हाताला काम लागते आणि गिऱ्हाईक त्याचेच पैसे मोजते.

अमेरिकेतील काँडोर या छोट्या कंपनीने १९९४ साली 'डायब्लो' या गेमचा प्रस्ताव अवघ्या काही पानांत मांडला. नाव सैतानाचे, ते सोडा. कागद मात्र शिकण्यासारखा. भुयारात उतरा, राक्षस मारा, सामान मिळवा, आणि भुयार दर खेपेला नवे. ब्लिझार्ड कंपनीने तो घेतला, पण आळीपाळीच्या चालींऐवजी खेळ सलग चालावा असे सुचविले. बनविणारे आधी राजी नव्हते, मग त्यांनी ऐकले आणि गेम जगभर खपला. मागणी थोडक्यात असली की गिऱ्हाइकालाही आपली सूचना घालायला जागा राहते.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. नॉडिंग हेड्स गेम्सने २०१७ साली 'राजी'साठी लोकांकडून पैसे उभारायचा प्रयत्न केला. ठरलेली रक्कम जमली नाही. तरी काम थांबले नाही. २०२० साली गेम बाजारात आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. राक्षसांनी पळविलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघालेली मुलगी, एवढ्या एका वाक्यात तो गेम कळतो.

आता समजा, मालेगाव-भिवंडीच्या एखाद्या मुलाने असे सांगितले: "खेळणारा बारा मागांच्या कारखान्याचा मालक आहे. सूत महागते, वीज जाते, मालाची तारीख तोंडावर येते. कोणता माग चालू ठेवायचा हे त्याने अर्ध्या मिनिटात ठरवायचे. दोन माग चालणारा नमुना या मोबाईलवर आहे, खेळून पाहा. दोघे मिळून आठ महिन्यांत पुरा करू, खर्च या कागदावर लिहिला आहे." एवढे बोलायला मिनिटभर पुरते. काम, गिऱ्हाईक, नमुना, मुदत, खर्च, सारे त्यात आले. खर्चाचा आकडा लपवू नये. तो लपविला की बाकीच्या बोलण्यावरचा भरवसा जातो.

कल्पना कोणी चोरेल ही भीतीही फोल आहे. कागदावरच्या नक्षीची साडी होत नाही. ती विणणारा हात लागतो.

आमच्या वयाच्या बंधूंनाही एक विनंती. मुलाने असा नमुना पुढे ठेवला तर 'खेळात वेळ बरबाद' म्हणून त्याला उठवून लावू नका. कित्येक घरांतले माग भंगारात गेले. त्या घरांतल्या मुलांना नवा हुन्नर लागणारच. हिशेब विचारा, कमी-जास्त सांगा आणि पटले तर पहिल्या दोन महिन्यांचा खर्च द्या.