'कशावरही लावा' म्हणजे कशावर?



वार्षिक सभा आटोपली, चहा झाला, की कुणीतरी आम्हाला हळूच बाजूला घेतो. "भाऊ, पोट्ट्याला कारखान्यात लावून द्या ना." कशावर लावायचं, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "कशावरही!"

मागणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. शेअर घेतला, ऊस घातला, तेव्हा एखाद्या पगारावर आपला हक्क आहे असे वाटणारच. पण सभासद अमाप आणि जागा मोजक्या, हे गणित कोणत्याही संचालक मंडळाला सुटलेले नाही. त्यात ज्या जागा आपण मागतो त्यांचेच रूप पालटते आहे. काट्यावरचे वजन संगणक टिपतो. तोडणीला यंत्र आले. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाला पाणी कधी द्यायचे हे उपग्रह आणि जमिनीतल्या यंत्रांच्या आधारे मोबाईलवर सांगण्याचे प्रयोग चालवले आहेत. दुसरीकडे नवी कामेही निघाली. बगॅसवर वीज होते, मळीपासून इथेनॉल होते. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने २०२५ साली गाठला. ही कामे कोण करणार? 'कशावरही' म्हणणारा नक्कीच नाही.

बॉयलर सांभाळायला सरकारी परीक्षेचे प्रमाणपत्र लागते. साखर आणि अल्कोहोल तंत्राचे शिक्षण पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मिळते, आणि ती संस्था १९७५ साली ऊस उत्पादकांच्याच पुढाकाराने उभी राहिली. आपल्या किती घरांत ही माहिती आहे? पोरगा बी. ए. होतो, पण बापाचे उसाचे बिल त्याला वाचता येत नाही. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरवला. म्हणजे टनाला ३,५५० झाले. मग हातात कमी का पडले? तोडणी-वाहतूक कुठे वजा झाली, उतारा म्हणजे काय, तो कुणी आणि कसा काढला, हे घरात कुणी विचारतच नाही.

असे विचारायला शिकवण्याची गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. सेलूहून पवनार ओलांडून ज्या वर्ध्याला आपण बाजाराला जातो, तिथेच २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने योजना आखली, आणि नई तालीम सेवाग्रामला रुजली. मुलाने हाताने काम करावे एवढेच गांधीजींचे म्हणणे नव्हते. कामातली प्रत्येक क्रिया का करायची, हेही त्याला कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे बऱ्याच शाळांत टकळी राहिली आणि तो 'का' गळाला. आमच्या पिढीने टकळीला कंटाळून योजनेलाच नावे ठेवली, हेही कबूल केले पाहिजे.

तोडणी यंत्राचेच घ्या. ते वावरात शिरायचे तर सरी चार-साडेचार फुटांची हवी. मग लागवड बदलणार, ठिबकची नळी बदलणार, आणि कोयत्यावर पोट भरणाऱ्या टोळीचे काय, हाही प्रश्न उभा राहणार. यंत्र एकट्याने घ्यायचे की गावातल्या दहा पोरांनी मिळून, दुरुस्ती कोण शिकणार, टोळीतल्या तरुणाला चालक करता येईल का? हे सगळे आज ठरते आहे. ज्यांना पुढची तीस वर्षे त्यात काढायची ते मात्र सभेच्या मंडपाबाहेर गाड्यांवर बसून असतात. आत आम्ही पिकल्या केसांची माणसे हात वर करतो.

म्हणून आमची सूचना अशी. सभासदांच्या मुला-मुलींना कारखान्याने चार दिवस आत घ्यावे. दोन दिवस गाळप चालू असताना, आणि दोन दिवस हंगाम संपून यंत्रे दुरुस्तीला उघडतात तेव्हा. काटा, मिल, बॉयलर, प्रयोगशाळा आणि शेवटी हिशेब खाते. प्रत्येकाने घरचे उसाचे बिल सोबत आणावे. नंतरच्या वार्षिक सभेत एक तास त्यांच्या प्रश्नांना राखून ठेवावा. संचालकांना घाम फुटेल. फुटू द्या.

कुणी म्हणेल, शिकून पोरं बुटीबोरीला पळतील. पळू देत की! बॉयलर कळलेला पोरगा तिथेही बॉयलरवरच जाईल, 'कशावरही' जाणार नाही. आणि जो वावरात राहील, तो यंत्राच्या कंपनीशी भाव करताना अडाणी ठरणार नाही.

संचालक मंडळापुढे हा विषय आम्ही मांडणार आहोत. त्याआधी इच्छुकांची नावे हाती असलेली बरी. ती गटातल्या शेतकी कार्यालयात द्यावीत. नाव, शिक्षण, आणि कारखान्यातले काय समजून घ्यायचे आहे ते एका ओळीत लिहावे. 'कशावरही' असे लिहिलेला अर्ज परत येईल. मुलींची नावे मात्र आम्हाला वेगळी मागायला लावू नका.