मनोनिर्मित सोबती

वसमत तालुक्यांतील हट्टा येथून एक भगिनी विचारतात: कन्येनें कल्पिलेली मैत्रीण आतां आपणहून उत्तरें देते, तिला निराळी बुद्धि आहे काय? अशा मनोनिर्मित मूर्तीस तिबेटी शब्दावरून तुल्पा म्हणतात. आपण कल्पिलेला भिक्षु अनावर झाला व त्याच्या विसर्जनास सहा महिने लागले, असें अलेक्सांद्रा डेव्हिड-नील या विदुषीनें १९२९ च्या ग्रंथांत लिहिलें आहे.

परीक्षा सोपी आहे. कन्या मोठ्यानें परवचा म्हणत असतां मैत्रिणीनें नवी बेरीज करावी. चुकल्यास दोघींचें अवधान एकच असावें. जमल्यासही भिन्न बुद्धि सिद्ध होत नाहीं. विसरलेलें नांव भलत्याच कामांत अकस्मात् आठवतें; मन पडद्याआड राबतच असतें. तेव्हां भरल्या घरांत मुलीस ही सोबत कां लागली, हें आधीं मायेनें विचारावें, असें आम्हांस वाटतें.