मंद संगणकाचे निदान

शाळेतील संगणकाची तासिका ४० मिनिटांची असावी आणि त्यांतील पहिली १० मिनिटे यंत्र सुरू होण्याची वाट पाहण्यात जावीत, तर मुलांच्या वाट्यास आलेल्या शिक्षणाचा चौथा हिस्सा काहीही न शिकता संपला, असा त्याचा हिशेब होतो. सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकांच्या यादीसाठी ठेवलेल्या संगणकापुढे हाच प्रकार घडतो. अशा वेळी यंत्र जुने झाले, ते काढून नवे घ्यावे, असा निर्णय बहुधा होतो. आणि नव्यासाठी पैसा नसला, तर जुन्यावर आच्छादन पडून कक्षाला कुलूप लागते. हे दोन्ही निर्णय घाईचे होत. वैद्य ज्याप्रमाणे तापास लक्षण समजतो आणि त्याचे कारण शोधतो, त्याचप्रमाणे संगणकाच्या मंदपणाचेही कारण प्रथम शोधले पाहिजे. त्यावाचून केलेला खर्च पुष्कळदा वाया जातो.

संगणकाच्या गतीशी मुख्यतः तीन भागांचा संबंध येतो. प्रोसेसर हा प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग होय. रॅम ही त्याची कार्यस्मृती असून हातातील कामास लागणारी माहिती तीत राहते. तिसरा भाग कायम साठ्याचा. त्यात सर्व कार्यक्रम व फाइली जपून ठेवलेल्या असतात. ग्रंथालयाची उपमा द्यावयाची, तर प्रोसेसर हा वाचक, रॅम हे त्याच्या पुढ्यातील टेबल आणि साठा हे तळघरातील कोठार होय. वाचक कितीही चपळ असला, तरी प्रत्येक पुस्तकासाठी तळघरात माणूस पाठवावा लागत असेल, तर त्याची चपळाई निरुपयोगी ठरते.

हे कोठार किती दूर आहे, याची कल्पना आकड्यांवरून येईल. आयबीएम कंपनीने १९५६ साली फिरत्या तबकड्यांवर माहिती साठविण्याचे साधन प्रचारात आणले. आजच्या हार्ड डिस्कचे मूलतत्त्व तेच आहे. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा जातो, आणि शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी काही मिलिसेकंद लागतात. म्हणजे विखुरलेल्या माहितीचा एक तुकडा मिळविण्यास १० मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो. रॅममधून तोच तुकडा सुमारे १०० नॅनोसेकंदांत मिळतो. हे प्रमाण एकास एक लक्ष पडते. टेबलावरील पुस्तक उचलण्यास एक सेकंद लागतो असे मानले, तर तळघरातील पुस्तक येण्यास २७ तासांहून अधिक काळ लागेल! फिरणारा भाग नसलेल्या एसएसडी या साठ्यातून ते सुमारे १७ मिनिटांत येईल.

येथे जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडलेला विचार उपयोगी पडतो. कामाचा जो भाग आपण वेगवान करतो, तो एकंदर वेळेचा जेवढा अंश असेल, तेवढ्यापुरताच लाभ होतो, असे त्याचे सार आहे. समजा, यंत्र सुरू होण्यास १०० सेकंद लागतात आणि त्यांपैकी ८० सेकंद हार्ड डिस्कची वाट पाहण्यात जातात. आता दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला, तर उरलेल्या २० सेकंदांचे १० होतील आणि एकूण वेळ ९० सेकंद होईल. त्याऐवजी दसपट वेगाचा साठा बसविला, तर ८० चे ८ होऊन एकूण वेळ २८ सेकंदांवर येईल. पहिला उपाय महाग व दुर्बळ, दुसरा स्वस्त व प्रभावी. कोणता भाग अडवून धरतो आहे हे न मोजता खरेदी करणाऱ्यास हा भेद कळत नाही.

दुसरे नेहमीचे कारण रॅमच्या अपुरेपणाचे. टेबल लहान असले की एक पुस्तक आणण्यासाठी दुसरे परत पाठवावे लागते, आणि लगेच तेच पुन्हा मागवावे लागते. सारा वेळ ने-आण करण्यातच जातो. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या अवस्थेचे शास्त्रीय विवेचन केले. ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस पाने एकाच वेळी उघडून ठेवणारा आजचा वापरकर्ता नेमकी हीच अवस्था ओढवून घेतो.

निदानास मोठी सामग्री लागत नाही. विंडोज प्रणालीतील टास्क मॅनेजर प्रोसेसर, स्मृती व डिस्क यांवरील भार टक्क्यांत दाखवितो. लिनक्समध्येही तशी साधने असतात. यंत्र मंद असता डिस्कचा आकडा १०० वर खिळला असेल, तर दोष साठ्याचा. स्मृती जवळजवळ भरली असेल, तर रॅमचा. प्रोसेसर सतत पूर्ण भारावर असेल, तर कोणता कार्यक्रम त्यास राबवितो ते पाहावे. कधी तो उपद्रवी कार्यक्रमही निघतो. यंत्र आरंभी ठीक चालून तापल्यावर मंदावत असेल, तर पंख्यात धूळ साचली असण्याचा संभव असतो, कारण अति उष्णतेपासून बचाव म्हणून प्रोसेसर आपली गती स्वतःच उतरवितो.

उपायांचा क्रमही ठरलेला असावा. सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत अन्यत्र घ्यावी, कारण मंद झालेली डिस्क कधी कधी निकामी होण्याच्या मार्गावर असते. नंतर बिनखर्चाचे उपाय: यंत्रासोबत आपोआप सुरू होणारे अनावश्यक कार्यक्रम बंद करणे, नको ते काढून साठ्यात जागा मोकळी करणे, धूळ झाडणे. एवढ्याने भागले नाही, तरच निदानानुसार रॅम वाढवावी वा एसएसडी बसवावी. एका क्षणात गती वाढविण्याची हमी देणाऱ्या सफाई-कार्यक्रमांपासून मात्र दूर राहावे. ते बहुधा भारात भर घालतात.

यंत्र तेच असूनही ते मंद का होते, या प्रश्नाची दुसरीही बाजू आहे. यंत्रे वेगवान होतात त्याहून अधिक त्वरेने कार्यक्रम बोजड होतात, अशी तक्रार स्विस शास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ सालीच मांडली होती. पुढे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य थांबविले, आणि विंडोज ११ साठी विशिष्ट सुरक्षा-चिप व नवे प्रोसेसर आवश्यक ठरविले. त्यामुळे चालती यंत्रेही कागदोपत्री बाद ठरली. सुरक्षा-दुरुस्त्या न मिळणारी प्रणाली इंटरनेटवर वापरणे धोक्याचे आहे, हे खरे. परंतु त्यावरून यंत्रच टाकून द्यावे, असे निष्पन्न होत नाही. लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रांवर विनामूल्य चालतात. केरळातील सरकारी शाळांनी मुक्त प्रणालीचा मार्ग बऱ्याच वर्षांपूर्वी पत्करला, आणि सी-डॅक या भारतीय संस्थेने बॉस ही लिनक्सवर आधारित प्रणाली भारतीय भाषांच्या सोयीसह तयार केली आहे. नवी प्रणाली शिकण्याचे कष्ट पडतात, आणि काही ठरावीक कार्यक्रम तीवर चालत नाहीत, ही अडचण नाकारता येत नाही. पण पाने वाचणे, पत्र लिहिणे, यादी शोधणे व प्रोग्रामिंगचे प्राथमिक धडे यांना ती पुरेशी आहे.

प्रत्येक यंत्र वाचविता येते, असा दावा करणे अशास्त्रीय होईल. काही लॅपटॉपांत रॅम पक्की जोडलेली असल्याने ती वाढविता येत नाही. काही यंत्रे खरोखरच आयुष्य संपलेली असतात. अशी यंत्रे भंगारात न टाकता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावीत. २०२२ साली जगात ६ कोटी २० लक्ष टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यांपैकी अवघ्या २२.३ टक्क्यांचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. त्या ढिगात चालण्याजोग्या यंत्राची भर पडू नये, याची जबाबदारी ते यंत्र वापरणाऱ्या संस्थेवर येते.

यास्तव प्रत्येक शाळेने व ग्रंथालयाने यंत्र बाद करण्यापूर्वी त्याची तपासणी नोंदवहीत लिहून ठेवण्याचा नियम करावा: सुरू होण्यास लागलेला वेळ, तिन्ही भागांवरील भार, केलेला उपाय आणि उपायानंतरचा वेळ. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाने आला ते कळेल. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडे द्यावे. निरीक्षण, मोजमाप, तर्क व पडताळा यांचा परिपाठ देणारी इतकी स्वस्त प्रयोगशाळा शाळेस अन्यत्र मिळणार नाही. आणि तीत मिळविलेली दहा मिनिटे पुढच्या प्रत्येक तासिकेत त्याच मुलांच्या पदरी पडतील.