लोकअदालतीत मिटले, सिबिलमध्ये का मिटत नाही?

"लोकअदालतीत सही केली, पैसे भरले, तरी बँक म्हणते सिबिल खराब आहे." लोणार तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांत हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. रिक्षाचे किंवा शेळ्यांचे कर्ज थकते, नोटीस येते, राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड होते. पुढे मुलीच्या शिक्षणकर्जाला बाप सहकर्जदार म्हणून उभा राहतो आणि जुने खाते पुन्हा समोर येते.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम २१ नुसार लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो. त्यावर अपील नाही. म्हणजे कायद्याने वाद संपला. वहीत मात्र तो संपत नाही. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. आजची वही चार कंपन्यांच्या संगणकात आहे. ती जाळता येत नाही, दुरुस्त करता येते.

पण आधी आपली नोंद कोणती ते ओळखा. तडजोडीची रक्कम भरूनही खाते 'सूट फाइल्ड' किंवा थकीत दिसत असेल तर ती चूक आहे. ती दुरुस्त करून घेणे हा २००५ च्या पतमाहिती कंपन्या कायद्याने दिलेला हक्क आहे. निवाड्याची प्रत, पावत्या, नो ड्यूज जोडून बँक आणि कंपनी, दोघांकडेही लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी नाही.

'सेटल्ड' ही नोंद वेगळी. बँकेने काही रक्कम सोडली असेल तर ती नोंद खरी आहे, आणि कंपन्यांना माहिती किमान सात वर्षे जपावी लागते. सोडलेली रक्कम भरून खाते 'क्लोज्ड' करून द्यायला बँक तयार आहे का, हे विचारता येते. पाच हजारांत सिबिल साफ करून देतो म्हणणारा एजंट मात्र खोटे बोलतो. खरी नोंद त्याला पुसता येत नाही, आणि खोटी तुम्ही फुकटात काढू शकता.

आमचा खरा आक्षेप वेगळा आहे. तडजोडीच्या टेबलावर बँकेचा वकील असतो, वसुली अधिकारी असतो, आपला माणूस एकटा असतो. 'सेटल्ड' लिहिले जाईल आणि ते वर्षानुवर्षे दिसेल, हे त्याला सहीआधी कोणी सांगत नाही. ज्याच्याकडे तारण ठेवायला जमीन नाही, त्याची सगळी पत या नोंदीवरच उभी असते. याला आम्ही माहितीपूर्ण संमती म्हणत नाही.

बाबासाहेबांच्या अर्थशास्त्रातल्या दोन डॉक्टरेट आपण दर जयंतीला सांगतो. स्वतःचा पतअहवाल किती कार्यकर्त्यांनी उघडून पाहिला आहे? प्रत्येक कंपनीकडून तो वर्षातून एकदा मोफत मिळतो.

पुढच्या लोकअदालतीला आपल्या मंडळाचे दोन सुशिक्षित तरुण पक्षकारांसोबत बसवा. त्यांनी एकच आग्रह धरावा: रक्कम मिळाल्यावर बँक किती दिवसांत कोणती नोंद कळवणार, हे तडजोडीच्या अटींत लिहा. बँक नाही म्हणाली तर पक्षकाराने निदान ते ऐकून मग सही करायची की नाही ते ठरवावे.