ग्रुपवरचा अंगठा ग्रामसभेत मोजतात का?

ग्रामसभेची नोटीस आता बऱ्याच गावांत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. खाली अंगठ्यांची रांग लागते. ‘आमच्या गल्लीतली नाली कधी होणार?’ असंही कुणी विचारतं. सभेच्या दिवशी मात्र सतरंजी रिकामी! मग सोशल मीडियामुळे लोकांचा सहभाग खरंच वाढतो का? अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वे तालुक्याच्या निमित्ताने समजून घेऊ.

शहर आणि खेड्यात फरक काय?

चांदूर रेल्वे शहरात नगर परिषद आहे. तिथे ठराव नगरसेवक करतात. राज्यघटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या 3 लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना; चांदूर त्यात बसत नाही. शहराबाहेरच्या खेड्यात मात्र मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. घरकुलाचे लाभार्थी, गावाचा विकास आराखडा असे विषय तिथे येतात. म्हणजे थेट बोलायचा हक्क खेड्यातल्या मतदाराकडे जास्त आहे. तो वापरला तर!

कोरमचं गणित

ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यापैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. 500 मतदारांच्या गावात 75, दोन हजारांच्या गावात 100. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब होते. खरी गोम पुढे आहे: तहकूब सभेला कोरमची अट नसते. म्हणजे तुम्ही घरी बसलात तरी निर्णय थांबत नाही, तो मोजक्या लोकांच्या हाती जातो. ग्रुपवरचे शंभर अंगठे कोरममध्ये धरत नाहीत. हजेरी रजिस्टरवरची सही किंवा अंगठाच मोजला जातो.

ग्रुपवर कोण नाही?

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये 1,024 जणच मावतात. त्याहून मोठा प्रश्न बायकांचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) ग्रामीण भारतात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या महिला 100 पैकी सुमारे 25 होत्या, तर पुरुष 49. त्यानंतर फोन वाढले, पण नोटीस फक्त ग्रुपवर टाकली तर वगळलं कोण जाईल, हे यातून कळतं. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. तिची दवंडी आणि घरोघरचा निरोप म्हणूनच सुटता कामा नये.

मग फोनचा उपयोग काय?

- नुसती तारीख नको, विषयपत्रिकेचा फोटो टाका. ‘घरकुलाची यादी आहे’ हे कळलं की माणूस येतो.
- ग्रुपवरची तक्रार कागदावर उतरवा, ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या.
- पुण्या-मुंबईत कामाला गेलेल्यांनी विषय सुचवावा आणि घरच्यांना सभेला पाठवावं.
- सभेनंतर ठरावांचा फोटो ग्रुपवर मागा. पुढच्या सभेत ‘मागच्या ठरावाचं काय झालं?’ हे विचारणं त्यामुळे सोपं होतं.

केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये ‘सभासार’ हे साधन आणलं. ते ग्रामसभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्ताचा मसुदा तयार करतं. पण सभेत जे बोललंच गेलं नाही, ते कुठलंही यंत्र लिहू शकत नाही.

तेव्हा पुढची नोटीस आली की अंगठा दाबा, चालेल. फक्त तो शेवटचा ठरू देऊ नका. शेजारच्या काकूंना निरोप द्या आणि त्यांना सोबत घेऊन सभेला जा.