‘समजलं का?’ विचारून भागत नाही

बेसा परिसरातल्या शेतीशाळेत ‘समजलं का?’ म्हटलं, की सगळे माना डोलावतात. कपाशीच्या कामगंध सापळ्यात किती पतंग आले म्हणजे फवारायचं, असं विचारलं की सारे चिडीचूप! (सापळ्यामागे ८, सलग ३ रात्री. आता तरी लिहून ठेवा.)

तुमच्या मुलांच्या वर्गातही हेच चालतं. दोघं-तिघं बोलतात, बाकीचे त्यांच्या आड लपतात.

परितेवाडीच्या (जि. सोलापूर) जिल्हा परिषद शाळेत असताना रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. तिथं घरच्या मोबाईलवर धडा ऐकता येई. ‘प्लिकर्स’च्या कागदी कार्डांना मुलांजवळ तोही लागत नाही. प्रत्येकाच्या कार्डावरची नक्षी वेगळी. ए, बी, सी, डी यांपैकी उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. गुरुजींनी आपला एक मोबाईल वर्गावरून फिरवला, की कोण कुठं चुकलं ते लगेच दिसतं. नक्षी वेगळी असल्यानं शेजाऱ्याची नक्कलही जमत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीनं महागडा डिजिटल फळा मागण्याआधी ही कार्डं छापून पाहावीत. मात्र निम्मा वर्ग चुकला, तर तोच धडा पुन्हा शिकवायला वेळ मिळतो का, हेही गुरुजींना बैठकीत विचारा.