केदारनाथला निघताय? माणशी दर विचारण्याआधी दिवस मोजा

महाशिवरात्रीला ऊखीमठात केदारनाथचं कपाट उघडण्याची तारीख जाहीर होते आणि आपल्याकडे गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चारधामच्या जाहिराती फिरायला लागतात. दहा दिवसांत चारधाम, सात दिवसांत दोन धाम. हरभरा-गहू निघालेला असतो, हातात चार पैसे असतात, पेरणीला अजून वेळ असतो. बारा ज्योतिर्लिंगांपैकी भीमाशंकर, त्र्यंबकेश्वर, घृष्णेश्वर कधीच झालेलं असतं, राहिलेलं असतं ते केदारनाथ. मग भजनी मंडळातले पंधरा-वीस जण, त्यातले निम्मे साठीच्या पुढचे, नाव देऊन मोकळे होतात.

नाव देताना पहिला प्रश्न असतो, माणशी किती? दुसरा, जेवण आपल्याकडचं मिळेल ना? डोंगर चढण्याआधी मुक्काम किती आणि कुठे, हे फार थोडे लोक विचारतात. खरा धोका मात्र तिथेच आहे.

कळसूबाईच्या दुपटीहून उंच

महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. केदारनाथचं मंदिर ३,५८३ मीटरवर आहे. जिथून पायी चढाई सुरू होते ते गौरीकुंडच सुमारे १,९८० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावरून आपली पहिली पायरी पडते. तिथून साधारण १६ किलोमीटरची वाट आणि १,६०० मीटरची चढण. २०१३ च्या महापुरात रामबाडा वाहून गेलं, जुनी १४ किलोमीटरची वाट तुटली. आताची वाट रामबाड्याजवळ मंदाकिनी ओलांडून पलीकडच्या अंगाने लिंचोलीवरून जाते. ती जुन्या वाटेपेक्षा लांब आहे आणि चढही जास्त आहे.

"आम्ही दरसाल वारी करतो, आम्हाला काय चालायचं भ्या?" असं म्हणणारे बरेच भेटतात. वारीत पाय तयार होतात, हे खरं. पण आळंदी ते पंढरपूर वाटेत अवघड चढ म्हणजे दिवेघाट, आणि तिथली हवा आपल्या शिवारातल्यासारखीच असते. केदारनाथला प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन आपल्याकडच्यापेक्षा जवळपास एक तृतीयांशाने कमी असतो. तिथे पाय दमायच्या आधी छाती दमते. शरीराला त्या हवेची सवय होते, पण त्याला दिवस लागतात. गोळी घेऊन किंवा जिद्द धरून ते दिवस वाचवता येत नाहीत.

आता नेहमीचं पॅकेज बघा. सकाळी हरिद्वार, उंची तीनशे मीटरच्या आसपास. दिवसभर गाडीत बसून रात्री गुप्तकाशी. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून सोनप्रयाग, तिथून गौरीकुंडची जीप, आणि संध्याकाळी मंदिर. दीड दिवसात माणूस तीन हजार मीटरपेक्षा जास्त वर जातो. तरुण माणसाचं डोकं दुखून निभावतं. बीपी, शुगर, दम्याचा त्रास असलेल्या साठीच्या बाईचं निभावेलच असं नाही. २०२४ च्या हंगामात चारधाम यात्रेत दोनशेहून जास्त यात्रेकरू दगावले, त्यात प्रकृती बिघडून गेलेलेच जास्त. दरड, पूर, अपघात यांच्या बातम्या होतात. रात्री तंबूत धाप लागून गेलेल्या माणसाची बातमी फक्त त्याच्या गावात पोचते.

उत्तराखंडच्या आरोग्य विभागाचा सल्ला सरळ आहे. यात्रा किमान सात दिवसांची आखा, निघायच्या आधीपासून रोज २० ते ३० मिनिटं चाला, श्वासाचे व्यायाम करा, चालताना तासाला पाच-दहा मिनिटं थांबा. यात खर्चाचं काही नाही. पण मुक्काम वाढला की खोलीचं, जेवणाचं, गाडीचं भाडं वाढतं आणि जाहिरातीतला दर वर जातो. म्हणून पहिली कात्री मुक्कामावरच लागते. नेणाऱ्यालाच दोष देऊन भागणार नाही, कारण दोनशे रुपयांनी स्वस्त कोण हे आपणच बघतो.

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. यमुनोत्री, गंगोत्री, केदार, बद्री हा जुना क्रम शरीराला बरा पडतो. यमुनोत्री, गंगोत्री दोन्ही तीन हजार मीटरच्या वर, त्यामुळे केदारला पोचेपर्यंत उंचीची थोडी सवय झालेली असते. उलट फक्त केदार-बद्री करणारे थेट चढतात, त्यांना गुप्तकाशी आणि सोनप्रयाग-गौरीकुंड भागात एकेक रात्र जास्तीची हवीच. जमलं तर चढाईही दोन टप्प्यांत करावी, लिंचोलीला मुक्काम टाकून.

हेलिकॉप्टर हा उपाय आहे का?

गुडघे दुखणाऱ्यांना वाटतं, हेलिकॉप्टरने गेलं की झालं. चालणं वाचतं, पण उंची वाचत नाही, उलट काही मिनिटांत माणूस थेट वर जाऊन बसतो. हवामान तर घडीघडीला फिरतं. १५ जून २०२५ ला केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळून सात जण गेले, त्यात महाराष्ट्रातलं दांपत्य आणि त्यांची लहानगी होती. तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरच मिळतं. फोनवर पैसे मागून "सीट पक्की" सांगणारे भामटे दर हंगामात सापडतात.

घोडे-खेचरांचंही तसंच. मे २०२५ मध्ये त्यांच्यात फ्लूची साथ आली, जनावरं मेली आणि ती वाहतूक थांबवावी लागली. खेचर मिळेलच, असं धरून म्हाताऱ्या माणसाला वर नेऊ नये. शिवाय दमलेला बैल ओळखणाऱ्या माणसाला त्या वाटेवर एकाच दिवशी दुसरी खेप करणारं खेचर बघवत नाही, हे वेगळंच.

शेतीचं वेळापत्रक आणि डोंगराचं

आपली अडचण अशी की शेतकऱ्याला सवड असते तेव्हाच डोंगरावर जागा नसते. मे-जूनमध्ये सगळा देश तिथे असतो. २०२५ मध्ये एकट्या केदारनाथला १७ लाखांहून जास्त लोक गेले, त्यातली मोठी गर्दी पहिल्या दीड-दोन महिन्यांतली.

पेरणी उरकून जुलै-ऑगस्टला जाणारेही आहेत, गर्दी कमी आणि दर कमी म्हणून. हे सगळ्यात वाईट दिवस. २१ जुलै २०२४ ला चिरबासाजवळ दरडीचे दगड पडून तीन जण गेले, दोघे महाराष्ट्रातले. दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, भीमबली-लिंचोली भागात ढगफुटीने वाट जागोजागी तुटली आणि हजारो लोकांना बाहेर काढावं लागलं. ५ ऑगस्ट २०२५ ला गंगोत्रीच्या वाटेवर धरालीत काय झालं ते सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलंच.

राहतो तो सप्टेंबरचा शेवट ते भाऊबीज. पाऊस सरलेला, गर्दी ओसरलेली, थंडी मात्र हाडं गोठवणारी. नेमकं तेव्हाच सोयाबीन काढणीला येतं आणि कापूस फुटतो. घरातला कर्ता माणूस निघू शकत नाही. पण जाणारे बहुतेक आई-वडीलच असतात ना? एका घरातला एक तरुण सगळ्या भावकीच्या म्हाताऱ्यांसोबत गेला आणि त्याच्या रानातली काढणी बाकीच्यांनी उरकली, तर हे जमण्यासारखं आहे. सावड आपल्याला नवी नाही.

सोनप्रयाग ते केदारनाथ १२.९ किलोमीटरचा रोपवे होणार, आठ-नऊ तासांची वाट ३६ मिनिटांवर येणार. केंद्र सरकारने ५ मार्च २०२५ ला ४,०८१ कोटींच्या या कामाला मंजुरी दिली. रोज १८ हजार लोक त्याने जाऊ शकतील. गुडघ्यांचा प्रश्न सुटेल, पण ३६ मिनिटांत दीड हजार मीटरपेक्षा जास्त चढणाऱ्या छातीचा प्रश्न तसाच राहील.

परतीचं तिकीट

वर असताना डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या, बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर दर्शन राहू द्यावं आणि लगेच खाली उतरावं. उपास धरून चढू नये. झोपेची गोळी, तंबाखू, बिडी नको. बीपी-शुगरच्या गोळ्या बॅगेत खाली न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवाव्यात.

आणि उतरण्याचा किंवा थांबण्याचा निर्णय बऱ्याचदा अडतो तो हरिद्वारच्या गाडीपाशी. पाऊस लागलाय, प्रशासन सोनप्रयागला थांबवतंय, पण परतीचं रिझर्व्हेशन परवाचं आहे, म्हणून सगळा ग्रुप वाट खुली होताच रात्री-अपरात्री पळत सुटतो. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. मे महिन्यात जाणाऱ्यांना मार्चमध्ये हातपाय हलवावे लागतील. त्या वेळी परतीची तारीख पॅकेजच्या शेवटच्या दिवसाची न धरता दोन दिवस पुढची धरावी. वाट बंद राहिली तर त्या जादा दिवसांच्या मुक्कामाचा खर्च कोणाचा, हे नेणाऱ्याकडून आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्यावं.